वरच्या खोलीचा चार्ज

३ ऑगस्ट, सोमवार

वाचनालयाच्या वरची खोली मुलांसाठी उघडून आज पाच महिने झाले. पहिल्या संध्याकाळी दोन मुलं आली होती आणि त्यातलं एक चुकून आलं होतं, त्याला खाली पुस्तक बदलायचं होतं. आज मोजली तर एकोणीस. तेरा ते अठरा वयाच्या कुणीही पाच ते आठ या वेळात यावं, बसावं, खेळावं, अभ्यास करावा, नाहीतर नुसतं छताकडे बघत पडावं, इथे कुणी हटकणार नाही, असं मी दारावर स्वतःच्या हाताने लिहून लावलं आहे. त्याखाली बारीक अक्षरात सव्वीस नियम आहेत.

खोली वाचनालयाची, कल्पना माझी आणि राबणारे आम्ही सगळे बिनपगारी. इस्पितळात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. निवृत्तीनंतर लोक काळजीने विचारायचे, वेळ कसा जातो? आता विचारा म्हणावं.

आज टेबल टेनिसच्या बॅटी साफ केल्या. एकोणीस मुलांचे घामट हात लागतात त्यांना. चारही बॅटी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवल्या आणि बाहेर काढल्या तर रबर सुटलेलं. हल्ली गोंदसुद्धा धड मिळत नाही. आमच्याबरोबर काम करणारे गणिताचे मास्तर म्हणाले, "बाई, बॅटी कुणी उकळतं का हो?" मी म्हटलं, "मास्तर, जंतू तुम्ही पाहिलेत का? मी पाहिलेत." मग ते आठ वाजेपर्यंत रबर चिकटवत बसले. माणूस मेहनती आहे.

६ ऑगस्ट, गुरुवार

मास्तरांचा निरोप आला. मोतीबिंदू झाला आहे, पुढचे काही महिने जमणार नाही. परवापर्यंत खोलीच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या मुलाची वजाबाकी तपासत होते. मोतीबिंदू एवढ्या झपाट्याने वाढलेला मी तरी पाहिला नाही. पण मी काही डोळ्यांची डॉक्टर नाही. असो.

अडचण अशी की वाचनालयाने एकच अट घातली आहे. रोज संध्याकाळी खोलीत दोन मोठी माणसं हवीत. एक नाही, दोन. मी पाचही दिवस असतेच. आता दुसऱ्या माणसाच्या जागी सोमवार, बुधवार, शुक्रवार कंडक्टर आणि मंगळवार, गुरुवार शिंपीणबाई. कंडक्टर म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. सगळं आयुष्य लोकांना पुढे सरका म्हणण्यात गेलं, पण मुलांशी बोलताना आवाज अगदी लोण्यासारखा. बसेल घडी.

११ ऑगस्ट, मंगळवार

शिंपीणबाईंनी खिडकीला पडदा शिवून आणला होता. कापड छान, पण खालची दुमड दोन सुतांनी वाकडी. मी शनिवारी तो घरी नेला, सगळी शिलाई उसवली आणि हाताने पुन्हा घातली. आज त्यांनी पडदा पाहिला, दुमडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. आवडला असणार.

वेणी कोपऱ्यात तिच्या जागेवर होती. वेणी हे मुलांनी ठेवलेलं नाव, कारण तिची वेणी टेबल टेनिस खेळताना टेबलावर येते आणि चेंडू अडवते. पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावी. घरी एकच खोली आणि दहा महिन्यांची जुळी भावंडं, एक झोपलं की दुसरं जागं होतं. पोरीची वह्या उघडायची जागा म्हणजे आमचा हा कोपरा. तिच्या शेजारी लांब्या, पाय कुठे ठेवावेत हा त्याचा रोजचा प्रश्न. त्यांच्या घराची किल्ली एकच आणि ती आईकडे. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात, साडेसातला सुटते. तोवर तो इथे. ही दोघं आली नाहीत तर मला संध्याकाळ झाल्यासारखं वाटत नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

शिंपीणबाई आता येणार नाहीत. मुलीचं बाळंतपण आहे. मी आनंदाने ही बातमी मुलांना सांगितली तर वेणी वहीतून डोकं न काढता म्हणाली, "बाई, त्यांना मुलगी नाहीये. मुलगा आहे. सातवीत."

मग भाचीचं असेल.

१९ ऑगस्ट, बुधवार

शिंपीणबाई गेल्यापासून पाचही संध्याकाळ माझ्या जोडीला कंडक्टरच आहेत, म्हणून कामाला शिस्त यावी यासाठी मी त्यांना एक तक्ता आखून दिला. किती मुलं आली, कोण कुणाशी बोललं, आवाज किती झाला, चहाचे किती कप फुटले. त्यांनी पहिल्या रकान्यात "बस भरली" आणि उरलेल्या तीन रकान्यांत "पुढे सरका" असं लिहिलं. मुलं हसून लोळली. मी सगळ्यांसमोर म्हटलं की थट्टेची वेळ सव्वासातनंतर. ते "बरं" म्हणाले.

संध्याकाळी खाली उतरताना त्यांनी सांगितलं, गुडघे फार दुखतात, जिना चढवत नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करायचे, आता दुकान बंद केलं तरी डोळ्याला भिंग लावून कुणा ना कुणाचं घड्याळ उघडून बसलेले असतात. भिंग न काढता म्हणाले, "तिसरा गेला म्हणायचा."

"गुडघे आहेत हो त्यांचे."

"एकाचे डोळे, एकीचं बाळंतपण, एकाचे गुडघे. तुझं इस्पितळ सुटलं नाही अजून."

यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार

खालचे ग्रंथपाल वर आले. भला माणूस, पण कायद्यावर बोट ठेवून चालणारा. म्हणाले, "मेट्रनबाई, महिनाअखेरपर्यंत मी स्वतः वर येऊन बसतो, म्हणजे दोन माणसं होतील. पण एकतीस तारखेला मला नावांची यादी हवी. पाच दिवस, रोज दोन माणसं. नाहीतर एक सप्टेंबरपासून या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे येतील. समितीने ठरवलंय, माझ्या हातात नाही."

लांब्या ऐकत होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. साडेसातपर्यंत कुठे बसायचं याचा हिशोब तो करत होता, मला कळलं.

२२ ऑगस्ट, शनिवार

सतरा जणांना फोन केले. शेजारी, नातेवाईक, माझ्या हाताखाली काम केलेल्या सहा नर्सेस. माझा आवाज ऐकल्याबरोबर कुणाची कंबर, कुणाचा रक्तदाब, कुणाला चक्कर. एक नर्स तर म्हणाली, "मेट्रन, मी गावाला आहे," आणि मागे तिच्या घरातली बेल मला ओळखू येत होती. लोकांची प्रकृती इतकी खालावलेली मी साथीच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

मनात येतं की खोली बंद झाली तर मी काय करणार. मुलांचं काय होईल हे आधी मनात यायला हवं होतं. ते नंतर आलं. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवते.

२४ ऑगस्ट, सोमवार

आज पोरांनी मला बसवलं. खुर्ची दिली, चहा दिला. मला वाटलं, निरोप समारंभच आहे.

वेणी म्हणाली, "बाई, माणसं आम्ही शोधतो. पण निवड पण आम्हीच करणार. मुलाखत घेऊन."

मला हसू आलं. म्हटलं, "मुलाखत म्हणजे काय असतं माहितीये का? मी शेकड्यांनी घेतल्यात. मी बसते तुमच्याबरोबर, प्रश्न काढून देते."

"नको," लांब्या म्हणाला आणि लगेच स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"एक अट आहे," वेणी म्हणाली. "मुलाखत सगळ्यांची होणार."

"अर्थात. वशिला अजिबात नको."

"सगळ्यांची, बाई."

मी हो म्हटलं आणि उठले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर डोक्यात प्रकाश पडला. तिथेच कठडा धरून उभी राहिले. दारावरची पाटी कुणी लिहिली? पहिल्या दिवशी हा जिना कुणी झाडला? पंधरा वर्षांची पोर मला विचारणार, तुम्हाला हे काम जमेल का!

२५ ऑगस्ट, मंगळवार

मुलाखतीला जायचं नाही असं ठरवलं. ह्यांना तसं सांगितलं. "बरोबर आहे," हे म्हणाले, "नापास झालीस तर?"

आता जावंच लागेल.

२६ ऑगस्ट, बुधवार

मुलांनी गल्लीत, बेकरीत, बसच्या आगारात, धुण्याच्या कारखान्याच्या फाटकावर कागद चिकटवलेत. मी बेकरीसमोर उभी राहून वाचला. "मोठी माणसं पाहिजेत. आठवड्यातून एक किंवा दोन संध्याकाळ. अनुभवाची गरज नाही. उपदेशाची तर अजिबात नाही. मुलाखत शनिवारी चार वाजता." अक्षर वेणीचं. वळणदार, एकही खाडाखोड नाही, समास सोडलेला. बेकरीवाल्याला मी सांगितलं, "हे आमच्या मुलीने लिहिलंय." आमच्या म्हणून गेले.

२९ ऑगस्ट, शनिवार

सगळं आठवतंय तोवर लिहून काढते.

चारच्या आधी जिन्याच्या वरच्या पायरीशी बाकावर जाऊन बसले. इस्त्रीची साडी. लांब्याने चिठ्ठी दिली, अकरा नंबर. एकूण चौदा उमेदवार. सतरा फोन करून मला एकही मिळाला नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि कंडक्टर दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आले. मला पाहिलं आणि थांबले. मग शेवटच्या तीन पायऱ्या लंगडत चढले.

त्यांच्यामागून मास्तर. समोरच्या भिंतीवर वाचनालयाची वेळ एवढ्याशा अक्षरात लिहिलेली आहे, ती त्यांनी बाकावरून मोठ्याने वाचली, मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि डोळे चोळायला लागले. शिंपीणबाईही आल्या. मी विचारलं, "बाळ-बाळंतीण सुखरूप?" त्या म्हणाल्या, "हो हो, मुलगा झाला." मग दोघीही समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

आणि सात नंबर कोण असावं? आमचे हे! सकाळी म्हणाले होते, घड्याळाचा पट्टा आणायला जातो. "तुम्ही इथे काय करणार?" मी म्हटलं. "ते आत विचारतीलच," म्हणाले आणि आत गेले. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला दोनदा हसवलं असेल की नाही शंका आहे.

मग अकरा नंबर.

टेबल टेनिसच्या टेबलापलीकडे वेणी, लांब्या आणि आणखी तिघं. प्रत्येकापुढे कागद, पेन्सिल. वेणी उभी राहिली, नमस्कार केला, बसा म्हणाली. पहिला प्रश्न लांब्याचा. "दारावरचे सव्वीस नियम तुम्हाला पाठ आहेत का?" मी धडाधड म्हणायला सुरुवात केली आणि एकोणिसाव्यावर अडले. त्याने लिहून घेतलं.

दुसरा प्रश्न. "दुसऱ्याच्या कामात चूक दिसली तर काय कराल?"

"दुरुस्त करीन."

"आणि ती चूक नसली तर?"

मला पडद्याची दुमड आठवली. त्यांनी घाई केली नाही. कुणी कुणाकडे बघून हसलं नाही.

मग वेणीने विचारलं. पेन्सिल खाली ठेवून विचारलं. "बाई, तुमच्याबरोबर काम करणारी तिन्ही माणसं का सोडून गेली?"

मी म्हटलं, "मास्तरांचा मोतीबिंदू..." आणि दाराबाहेर मास्तर कंडक्टरांना वर्तमानपत्रातली कसलीतरी जाहिरात वाचून दाखवत होते, मजल्यांचा आकडा, फोन नंबर, सगळं. आम्ही सहाही जण ते ऐकत बसलो.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "मला वाटतं, माझ्यामुळे गेली."

असं वाक्य मी आयुष्यात कुठल्याच मुलाखतीत बोललेले नाही. वेणीने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "धन्यवाद बाई. निकाल सोमवारी."

बाहेर येताना दाराची चौकट धरावी लागली. कंडक्टरांना नव्हे, मला. आणि तरी खरं सांगायचं तर त्या टेबलाकडे वळून पाहिलं तेव्हा ऊर भरून आला. एकाने दुसऱ्याचं बोलणं तोडलं नाही. जे मला सांगायला मोठी माणसं सतरा फोनवर घाबरली, ते त्या पोरीने समोर बसवून, नमस्कार करून विचारलं.

३० ऑगस्ट, रविवार

दुपारी ह्यांना विचारलं, "मी अशी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं. तू वाक्य दुरुस्त केलंस."

मी चिडले. म्हटलं, "मी अशी होते म्हणून वॉर्डात माणसं वाचली." हे भिंग काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "वाचली ना. मी कुठे नाही म्हणतो? पण त्या खोलीत कुणी आजारी नाही, अगं."

उद्या माझं नाव यादीत नसलं तर चाव्या मुकाट्याने द्यायच्या, असं ठरवलं आहे. खोली चालू राहिली तर पुरे. हे लिहायला सोपं आहे.

३१ ऑगस्ट, सोमवार

ग्रंथपाल चष्मा पुसत उभे होते. खोली भरलेली, मुलं खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा. वेणीने यादी वाचली. चौदातून सहा जण, पाच दिवस, रोज दोन. प्रत्येक नावापुढे शेरा.

कंडक्टर. शेरा, हसवतात. मास्तर. उत्तर लगेच सांगून टाकत नाहीत. बेकरीत काम करणाऱ्या एक बाई. आमच्याकडून टेबल टेनिस शिकायचंय म्हणाल्या. घड्याळवाले काका. ऐकून घेतात, बहुतेक सवय असावी. यावर सगळी खोली माझ्याकडे बघून हसली आणि हे छताकडे बघत राहिले. शिंपीणबाई. काम येतं आणि बोलून दाखवत नाहीत, म्हणून खोलीचा चार्ज त्यांच्याकडे.

पाच झाली. चार्जही गेला. मी पर्समधल्या चाव्या मुठीत धरल्या.

"मेट्रनबाई," वेणी म्हणाली. "मंगळवार आणि शुक्रवार. चार्ज नाही. शेरा..." ती थांबली, लांब्याकडे पाहिलं. "शेरा, येतात."

"एवढंच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

लांब्या उठला, डोकं दिव्याला लागता लागता राहिलं. "एप्रिलमध्ये सगळीकडे वीज गेली होती ना बाई, वादळ झालं तेव्हा. माझ्याकडे किल्ली नव्हती म्हणून आलो. वाटलं, बंद असेल. तुम्ही मेणबत्ती लावून बसला होतात. एकट्याच. पेन्सिलींना टोकं करत होतात." एवढं बोलून तो खाली बसला. "आणि नंतर पण. रोजच."

मला तो दिवस आठवतसुद्धा नव्हता. ड्यूटी होती, गेले होते.

"बाकीचं आम्ही शिकवू तुम्हाला," वेणी म्हणाली.

चौतीस वर्षांत मी पेशंटसमोर कधी रडले नाही. आज एकवीस मुलांसमोर आणि एका ग्रंथपालांसमोर रडले, आणि कुणी मला पाणी आणून दिलं ते दिसलंही नाही. यादी ग्रंथपालांनी दोनदा तपासली. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नव्हतं. चाव्या शिंपीणबाईंच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "पडद्याचं चुकलंच माझं." त्या म्हणाल्या, "टाके छान आहेत हो तुमचे." खरं बोलल्या की नाही कोण जाणे, पण बोलल्या.

१ सप्टेंबर, मंगळवार

पाच वाजता वर गेले. टेबलाशी शिंपीणबाई बसलेल्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "मी काय करू?" हे शब्द मी शेवटचे कधी उच्चारले असतील? शिकाऊ नर्स होते तेव्हा.

"बसा," त्या म्हणाल्या.

बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना. सव्वापाचला एक नवी मुलगी दारात येऊन घुटमळली, पायातली चप्पल काढू की नको या विचारात. मी अर्धी उठले होते. वेणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी परत बसले. ती गेली, तिने त्या मुलीला आत आणलं, आपल्या कोपऱ्यात जागा करून दिली, नाव विचारलं नाही, वर्ग विचारला नाही. ते काम मला जमलं असतं त्याहून कितीतरी चांगलं झालं. मी बसल्या बसल्या सगळं पाहिलं.

आठ वाजता हे न्यायला आले. त्यांची ड्यूटी बुधवारी. आम्हा दोघांना एकाच दिवशी ठेवलेलं नाही, त्यांनी मुलाखतीत तशी विनंती केली होती म्हणे. रस्त्यात विचारलं, "कसं वाटतंय? चार्ज नाही, काही नाही."

"खोली मी उघडली तेव्हा मला कुणी निवडलं नव्हतं," मी म्हटलं. "आता चौदातून निवडून आलेय. मुलाखत देऊन."